सहीसाठी उपटलेले पत्र : देकार्तच्या २७ मे १६४१ च्या पत्राचे प्रकरण

२०१० च्या फेब्रुवारीत एका जुन्या पत्राची बातमी जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आली. तत्त्वज्ञ रने देकार्त यांनी २७ मे १६४१ रोजी पॅरिसमधील मारें मेर्सेन यांना लिहिलेले हे चार पानांचे पत्र पॅरिसच्या आंस्तित्यू द फ्रांस या संस्थेच्या मालकीचे होते. एकोणिसाव्या शतकात ते तिथून चोरीला गेले होते आणि आता ते अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हॅव्हरफर्ड या लहानशा महाविद्यालयाच्या संग्रहात असल्याचे उघड झाले. ते कोणी दडवून ठेवलेले नव्हते. १९०२ पासून ते त्याच संग्रहात होते. महाविद्यालयाने या संग्रहाची सूची महाजालावर ठेवली, तीत देकार्त हे नाव होते, आणि नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात देकार्तच्या पत्रव्यवहारावर काम करणाऱ्या एका अभ्यासकाच्या शोधात ती ओळ वर आली. त्यांनी पत्राच्या प्रतिमा मागवल्या, आणि काही दिवसांतच हे पत्र कोणते, कुठले आणि तिथे असायला नको होते ते का, हे स्पष्ट झाले.

बातम्यांचा भर साहजिकच चोरी आणि योगायोग या दोन गोष्टींवर होता. माझ्या मते यात योगायोगाचा वाटा फार थोडा आहे. ज्या कागदावर लेखकाचे नाव आहे, तारीख आहे आणि ज्याचे हस्ताक्षर जगभरच्या अभ्यासकांच्या ओळखीचे आहे, तो शंभराहून अधिक वर्षे एका शैक्षणिक संस्थेत राजरोस असूनही ओळखला का गेला नाही, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे. हा एकच कागद आधी एका पत्रव्यवहारातला दुवा म्हणून आणि नंतर एका थोर माणसाच्या सहीचा नमुना म्हणून ठेवला गेला, आणि पहिल्या ठिकाणी जे त्याच्याविषयी ठाऊक होते ते दुसऱ्या ठिकाणी नोंदले जाण्याची सोयच नव्हती. हस्ताक्षरसंग्रह आणि सूचीकार्य करणाऱ्यांनी हे प्रकरण बारकाईने पाहावे असे मला वाटते, ते याच कारणासाठी.

मालिकेतले पत्र

मेर्सेन हे मिनिम या कॅथलिक पंथाचे साधू होते. पॅरिसमधल्या त्यांच्या मठात युरोपभरच्या विद्वानांची पत्रे येत आणि तिथून दुसऱ्या विद्वानांकडे रवाना होत. हॉलंडमध्ये राहणाऱ्या देकार्तचे पॅरिसशी असलेले नाते बव्हंशी त्यांच्यामार्फतच चालत असे. १६४१ साली देकार्तचा ‘मेडिटेशन्स’ हा लॅटिन ग्रंथ पॅरिसमध्ये छापला जात होता. हस्तलिखित विद्वानांना दाखवणे, त्यांचे आक्षेप गोळा करून देकार्तकडे पाठवणे, देकार्तची उत्तरे छापखान्यात पोचवणे ही सगळी उठाठेव मेर्सेन करत होते. ग्रंथ त्याच वर्षी बाहेर पडला, तोही सहा जणांचे किंवा गटांचे आक्षेप आणि त्यांवरील उत्तरे यांसह. २७ मे चे पत्र नेमके या छपाईच्या धामधुमीतले आहे. अशा काळात दोन पत्रांमध्ये आठवड्याचे अंतर असले तरी त्या आठवड्यात लेखकाने काय बदलले हे ठरवायला तोच आधार असतो, आणि म्हणून एखाद्या पत्राचे मोल त्यातल्या मजकुराइतकेच त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पत्रांवर अवलंबून असते.

कोणताही पत्रव्यवहार दोन ठिकाणी साठतो. लिहिणाऱ्याकडे मसुदे किंवा नकला राहतात, आणि ज्याला पत्र गेले त्याच्याकडे प्रत्यक्ष पाठवलेले कागद. देकार्तच्या बाबतीत या दोन साठ्यांची कथा इतकी वेगळी आहे की सूचीकाराने ती लक्षात ठेवावी. १६५० मध्ये स्टॉकहोम येथे देकार्तचे निधन झाल्यावर त्यांच्याकडचे कागद फ्रान्सचे तिथले राजदूत शानू यांनी आपले मेव्हणे क्लेर्सेलिए यांच्याकडे पॅरिसला पाठवले. रुआँपर्यंत ते नीट आले, पण पॅरिसमध्ये पोचता पोचता सेन नदीत नाव बुडाली. पेटी तीन दिवस पाण्यात होती. ती वर काढल्यावर कागद एकेक करून सुटे केले गेले आणि वेगवेगळ्या खोल्यांत दोऱ्यांवर वाळत घातले गेले. हे काम नोकरांनी केले, आणि कोणते पान कोणत्या पानामागे होते याचे भान त्यांना असण्याचे कारण नव्हते. क्लेर्सेलिए यांनी १६५७, १६५९ आणि १६६७ अशा तीन खंडांत ती पत्रे छापली खरी, पण त्यांतल्या बऱ्याच पत्रांना तारखा नाहीत आणि काही ठिकाणी वेगवेगळ्या पत्रांचे तुकडे एकत्र जोडले गेले आहेत. कागद वाचले, क्रम गेला. जुन्या कागदांचे काम करणाऱ्याला दोरीवर वाळणाऱ्या त्या कागदांचे चित्र डोळ्यांपुढून सहज हलत नाही, कारण रद्दीच्या गठ्ठ्यातून आलेली कोणाचीही पत्रे आवरताना पहिल्या तासाभरात आपण तीच चूक करू शकतो.

मेर्सेन यांच्याकडे साठलेल्या पत्रांचे नशीब निराळे होते. १६४८ मध्ये ते वारल्यावर ही पत्रे गणितज्ञ रोबेरव्हाल यांच्या हाती गेली. रोबेरव्हाल आणि देकार्त यांचे सूत कधीच जमले नव्हते, आणि क्लेर्सेलिए यांना ही मूळ पत्रे वापरायला मिळाली नाहीत. रोबेरव्हाल यांच्यामागून ती खगोलशास्त्रज्ञ फिलिप द ला ईर यांच्याकडे आणि त्यांच्याकडून विज्ञान अकादमीकडे आली. पुढे अकादमी आंस्तित्यू द फ्रांसचा भाग झाली तेव्हा पत्रेही संस्थेची झाली. या प्रवासात त्यांच्यावर दोनदा क्रमांक पडले: एक ला ईर संग्रहाचा, दुसरा अठराव्या शतकाच्या अखेरीस दोम जेर्मां प्वारिए या साधू-अभिलेखपालाने लावलेल्या क्रमाचा. याखेरीज क्लेर्सेलिएच्या छापील खंडांची एक प्रत संस्थेत आहे. तिच्या समासात मूळ पत्रे समोर ठेवून कोणी कोणी तारखा, दुरुस्त्या आणि ‘हे पत्र मूळ संग्रहात आहे’ अशा अर्थाचे शेरे लिहून ठेवले आहेत.

हे काम रुक्ष वाटते, पण सगळे प्रकरण त्यावर उभे आहे. जो गठ्ठा मोजलेला नाही त्यातून एक कागद गेला तर काहीच घडत नाही, गठ्ठा तेवढाच दिसतो. ज्याच्यावर क्रमांक आहेत त्यातून एक कागद गेला की तिथे भोक पडते, आणि त्या भोकाला नंबर असतो, कधी तारीखही असते. त्यामुळेच २७ मे १६४१ च्या पत्राचा मजकूर कोणालाही ठाऊक नव्हता, तरी असे पत्र अस्तित्वात होते ही गोष्ट अभ्यासकांना तीनशेहून अधिक वर्षे ठाऊक होती.

सूचीकार म्हणून आलेला चोर

ही पत्रे ज्यांनी चोरली असे मानले जाते त्या ग्युल्येल्मो लिब्री यांचा जन्म १८०३ चा, फ्लॉरेन्सच्या सरदार घराण्यातला. विशीत ते पिसा विद्यापीठात प्राध्यापक झाले. पुढे राजकीय कारणांनी फ्रान्सला आले, १८३३ मध्ये फ्रेंच नागरिक झाले आणि त्याच वर्षी विज्ञान अकादमीचे सदस्यही. इटलीतील गणितविद्येच्या इतिहासावर त्यांनी चार खंड लिहिले. जुन्या हस्तलिखितांचे त्यांचे ज्ञान खरे होते, उसने नव्हते. १८४१ मध्ये फ्रान्सच्या सार्वजनिक ग्रंथालयांतील हस्तलिखितांची सर्वसाधारण सूची तयार करण्यासाठी सरकारने समिती नेमली, तेव्हा तिचे चिटणीसपद लिब्री यांच्याकडे आले. या पदामुळे प्रांतोप्रांतीच्या ग्रंथालयांची दारे त्यांना उघडी झाली. जिथे कोणीही यादी केलेली नाही अशाच जागा त्यांना पाहायच्या होत्या, आणि त्या कोणत्या हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. अपुऱ्या सूचीचा फायदा सर्वांत आधी कोणाला कळतो, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

त्यांची रीत पुढे तपासात उघड झाली. जुने शिक्के खरवडायचे, बांधणी बदलायची, हस्तलिखित इटलीतल्या एखाद्या मठातून आल्याचे दाखवणारी खोटी मालकी जुन्या वळणात लिहायची, आणि जाड ग्रंथातला एखादा भाग अलगद वेगळा करून त्याला स्वतंत्र ग्रंथाचे रूप द्यायचे. १८४७ मध्ये त्यांनी जवळपास दोन हजार हस्तलिखितांचा संग्रह इंग्लंडच्या लॉर्ड ॲशबर्नहॅम यांना ८,००० पौंडांना विकला. दरम्यान त्यांच्याविरुद्ध तक्रारी वाढल्या होत्या. १८४८ च्या फेब्रुवारी क्रांतीत चौकशीचा अहवाल बाहेर येताच ते लंडनला निसटले, आणि जाताना ग्रंथांच्या पेट्याही घेऊन गेले. १८५० मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने त्यांना गैरहजेरीत दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. तरीही अनेक नामवंतांना ते निर्दोष वाटत होते. लेखक प्रॉस्पेर मेरीमे यांनी त्यांची बाजू घेताना न्यायालयावर अशी टीका केली की त्यांना स्वतःलाच पंधरा दिवस तुरुंगात काढावे लागले. लिब्री १८६९ मध्ये इटलीत वारले. शिक्षा त्यांनी एक दिवसही भोगली नाही.

ॲशबर्नहॅमकडे गेलेल्या ग्रंथांचा माग काढण्याचे काम पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे प्रमुख लेओपोल्द दलील यांनी केले, तेही बसल्या जागी, जुन्या याद्या आणि उरलेले अवशेष समोर ठेवून. लियाँच्या ग्रंथालयातील एका प्राचीन लॅटिन बायबलमधली लेवीय आणि गणना ही दोन प्रकरणे नाहीशी होती, आणि ॲशबर्नहॅम संग्रहात नेमक्या त्याच दोन प्रकरणांचे हस्तलिखित होते. पानांचा आकार, अक्षराचे वळण आणि ओळींची मांडणी जुळल्यावर वादाला जागा उरली नाही, आणि १८८० मध्ये ती पाने लियाँला परत गेली. १८८८ मध्ये तर लिब्री आणि बार्रवा (चोरीची हस्तलिखिते ॲशबर्नहॅमना विकणारा दुसरा एक संग्राहक) या दोन मार्गांनी गेलेल्या १६६ हस्तलिखितांच्या बदल्यात फ्रान्सने रोख रकमेबरोबरच मध्ययुगीन जर्मन कवितांचा प्रख्यात मानेस ग्रंथ देऊन टाकला, जो आज हायडेलबर्गला आहे. चोरीचा माल परत मिळवण्यासाठी एवढी किंमत मोजणे योग्य होते का, हा प्रश्न तेव्हाही विचारण्यासारखा होता आणि आजही आहे.

ग्रंथ परत आले कारण ग्रंथाला अंगे असतात: पानांची संख्या, पानांच्या जुड्यांची शिवण, दुसऱ्या पानावरचे पहिले शब्द. सुट्या पत्राला यांतले जवळपास काहीच नसते. संस्थेकडची देकार्तची ७२ पत्रे लिब्रींनी नेली असे मानले जाते, आणि हॅव्हरफर्डची बातमी आली तोवर त्यांतली ४५ परत मिळाली होती. पत्र चोरायला सोपे, लपवायला सोपे, आणि बाजारात आणायला तर सर्वांत सोपे, कारण एकोणिसाव्या शतकात हस्ताक्षरांचा बाजार ऐन भरात होता आणि त्या बाजारात पत्र एकटे असणे ही त्रुटी मानली जात नव्हती. एकटे पत्र हीच तिथली विक्रीची वस्तू होती.

संग्राहकाची ओळ

हॅव्हरफर्ड हे क्वेकर पंथीयांनी १८३३ मध्ये स्थापन केलेले महाविद्यालय. तिथले माजी विद्यार्थी चार्ल्स रॉबर्ट्स यांनी हौसेने हजारो पत्रे आणि सह्या जमवल्या होत्या. त्यांच्या निधनानंतर, १९०२ मध्ये, त्यांच्या पत्नीने तो संग्रह महाविद्यालयाला दिला. देकार्तचे पत्र त्या संग्रहातून आले. रॉबर्ट्स यांच्यासारखे संग्राहक नसते तर कितीतरी पत्रे रद्दीत किंवा चुलीत गेली असती, हे आधी मान्य केले पाहिजे. दोष हौसेचा नाही. पण हस्ताक्षरसंग्रहाची जी चौकट त्या काळात रूढ होती, आणि बऱ्याच अंशी आजही आहे, तिच्याकडे चिकित्सकपणे पाहायला हवे.

या चौकटीत पहिला प्रश्न असतो, सही कोणाची? दुसरा, पूर्ण पत्र स्वतःच्या हातचे आहे की लेखनिकाने लिहिलेल्या मजकुराखाली नुसती सही? तिसरा, कागद किती शाबूत? यानंतर मजकुराची पाळी येते, आणि पत्र कोणाला लिहिले हा प्रश्न पत्र घेणारा माणूस स्वतः प्रसिद्ध असेल तरच विचारला जातो. मग अशी पत्रे राजे, सेनानी, कवी, शास्त्रज्ञ अशा वर्गांत किंवा नुसत्या आडनावाच्या अकारविल्हे मांडली जातात. या मांडणीत देकार्तच्या शेजारी भलताच कोणी येतो, मेर्सेन कुठेच येत नाही. आणखी एक गोष्ट फार खटकते. पत्राच्या कोपऱ्यात नंतरच्या हाताने टाकलेले आकडे, पाठीमागचा शेरा, घडीवरचा पत्ता, फुटलेल्या लाखेचा डाग या सगळ्यांना ही नजर व्यंग समजते. पत्त्याचे कोरे पान कापून टाकून उरलेले पत्र चौकटीत डकवलेले मी पाहिले आहे. सही मात्र झळझळीत होती.

हॅव्हरफर्डमध्ये या पत्राला अगदीच कोणी हात लावला नव्हता असे नाही. हे प्रकरण उघड होण्याच्या काही दशके आधी तिथल्याच एका विद्यार्थ्याने त्याचे भाषांतर करून त्यावर निबंध लिहिला होता, आणि ते अप्रकाशित असल्याचे त्याच्या ध्यानातही आले होते. पण निबंध संग्रहाबरोबरच राहिला. पत्र चोरीचे असू शकते ही शक्यता पुढे येण्यासाठी पॅरिसच्या मालिकेतल्या भोकाशी त्याची गाठ पडायला हवी होती, आणि ती गाठ घालून देणारे साधन हातात नव्हते. छापील यादी पेनसिल्व्हेनियात बसून पाहणाऱ्याला उपयोगाची होती. देकार्तची हरवलेली पत्रे शोधणारा माणूस उट्रेख्तला होता. सूची महाजालावर आल्यावर या दोघांमधले अंतर संपले. तोवर त्या नोंदीत नवीन काहीच भरले गेले नव्हते. नाव आणि तारीख या दोन गोष्टी बरोबर लिहिलेल्या होत्या, एवढे पुरले.

ओळख कशी पटते

अस्सलपणाचा विचार करताना सामान्य वाचक सर्वांत आधी अक्षराकडे पाहतो. अक्षर जुळणे आवश्यकच आहे, पण त्यावर सारी भिस्त ठेवणे किती घातक असते हे फ्रान्सच्या याच अकादमीला, लिब्री प्रकरणानंतर वीस वर्षांच्या आत, फार नामुष्कीने शिकावे लागले. थोर भूमितिज्ञ मिशेल शाल यांनी १८६१ पासून व्ऱ्हँ-ल्युका नावाच्या माणसाकडून सत्तावीस हजारांवर बनावट पत्रे विकत घेतली. पास्कालने न्यूटनच्या आधी गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला असे ‘सिद्ध’ करणारी पत्रे त्यांनी १८६७ मध्ये अकादमीपुढे ठेवली. क्लिओपात्राने सीझरला फ्रेंचमध्ये लिहिलेले पत्रही त्या खरेदीत होते. त्या पत्रांचे पितळ उघडे पाडणाऱ्यांत अक्षर तपासणारे होतेच, पण ग्लासगोचे खगोलशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रँट यांचा मुद्दा मला सर्वांत बिनतोड वाटतो: १६६२ मध्ये वारलेल्या पास्कालच्या नावावरच्या टिपणांत ग्रहांच्या वस्तुमानाचे जे आकडे होते, ते न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’च्या १७२६ सालच्या तिसऱ्या आवृत्तीतले होते. खोटे पत्र एकेकटे पाहिले तर तग धरते. त्याला इतर कागदांच्या रांगेत उभे केले की पाय लटपटू लागतात. गंमत म्हणजे, ती बनावट पत्रे एका जहाजाबरोबर समुद्रात बुडून वाचली असल्याची थाप व्ऱ्हँ-ल्युकाने मारली होती, आणि देकार्तचे अस्सल कागद खरोखरच नदीतून वर काढलेले होते. तेव्हा पाण्याचा डाग पाहून कोणताच निष्कर्ष काढू नये.

२७ मे च्या पत्राच्या बाबतीत रांगेचा हा न्याय उलट दिशेने लागू पडला. तारीख, पत्र घेणारा माणूस, विषय आणि अक्षर ही सारी अंगे पॅरिसच्या मालिकेतल्या एका ठाऊक असलेल्या रिकाम्या जागेत बसली. पत्र स्वतः अस्सल आहे एवढेच यातून ठरले नाही, ते कोणाच्या मालकीचे आहे हेही ठरले.

नोंद कशी असावी

संग्राहकाच्या धाटणीची नोंद साधारण अशी असते: ‘देकार्त, रने. स्वहस्ते लिहिलेले, सही असलेले पत्र, २७ मे १६४१, ४ पाने.’ ही नोंद चुकीची नाही, आणि या प्रकरणात तिनेच तारले. पण तिला मालिकेची जाणीव नाही. त्याच कागदाची अभिलेखीय नोंद करताना मी आधी पत्र घेणाऱ्याचे नाव लिहीन, कारण पत्रे बहुधा घेणाऱ्याच्या घरी एकत्र राहतात आणि त्यांचा माग त्याच नावाने लागतो. मग तारीख, कागदावर जशी आहे तशी आणि शेजारी आजच्या पद्धतीने. ही दुहेरी नोंद अनावश्यक वाटेल, पण सतराव्या शतकातल्या नेदरलँड्समध्ये हॉलंड प्रांतात नवी ग्रेगोरियन गणना चालू होती आणि शेजारच्या उट्रेख्त प्रांतात जुनी, ज्यांच्यात दहा दिवसांचा फरक होता. एका दिवसाच्या घोडदौडीवर तारीख दहा दिवसांनी मागे जात असे. १६४१ मध्ये देकार्त लायडनजवळच्या एंडेगेस्टला, म्हणजे हॉलंडात, राहत होते, म्हणून इथे अडचण येत नाही. पण ती येत नाही हेही कुठून लिहिले ते ठिकाण कळल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि ठिकाणाचा रकाना रिकामा सोडण्याची सवय फार वाईट.

मग पत्राचे पहिले चार-पाच शब्द, मूळ भाषेत आणि मूळ शुद्धलेखनात. छापील खंडांत ते पत्र आधीच आले आहे का हे शोधण्याची ही सर्वांत जलद वाट, कारण संपादक तारखा बदलतात, नावे गाळतात, पण आरंभ सहसा तसाच ठेवतात. त्यानंतर पानांची संख्या, घड्या, पत्त्याचे पान, मोहोर. आणि यांच्या जोडीला, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, नंतरच्या हातांनी केलेली प्रत्येक खूण. कोपऱ्यातला आकडा कितीही फिकट असो, तो कुठल्या कोपऱ्यात, शाईने की शिसपेन्सिलीने, त्यावर काट मारली आहे का, हे शब्दांत लिहावे. खरवडल्याची जागा दिसली तर तीही. देकार्त-मेर्सेन मालिकेतल्या पत्रांवरचे ला ईर आणि प्वारिए यांचे आकडे हे पत्राचे पारपत्रच आहेत, आणि प्रतिमा काढताना समास कापणाऱ्या माणसाला ते आधी समजावून सांगावे लागते.

शेवटी, कागद आपल्याकडे कुठून आला याची नोंद: देणाऱ्याचे नाव, वर्ष, आणि त्याच्याआधीचा जो मालक माहीत असेल तो. हा रकाना अनेक सूचींत ‘देणगी’ या एका शब्दावर भागवलेला असतो. १८४० ते १८७० या काळात पॅरिस किंवा लंडनच्या विक्रीतून बाहेर पडलेल्या फ्रेंच विद्वानांच्या पत्रांपुढे तरी एवढ्यावर थांबू नये. सूचीकाराने स्वतःची खूण करायची तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कोऱ्या जागी आणि मागे करावी. चिकटपट्टी आणि शाई यांना त्या टेबलावर जागा नाही.

परत जाणे

पत्र चोरीचे आहे हे कळल्यावर हॅव्हरफर्डने काय केले हा या प्रकरणाचा सर्वांत आटोपशीर भाग आहे. चोराकडून आलेल्या वस्तूवर, ती मधल्या कितीही जणांनी प्रामाणिकपणे विकत घेतली असली तरी, चांगला हक्क निर्माण होत नाही हे अमेरिकी कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व आहे, पण मामला तिथवर गेलाच नाही. महाविद्यालयाच्या अध्यक्षांनी आपण होऊन संस्थेला कळवले आणि पत्र परत करण्याची तयारी दाखवली. संस्थेने कृतज्ञता म्हणून १५,००० युरो दिले. जून २०१० मध्ये पॅरिसला समारंभपूर्वक पत्र सुपूर्द झाले. मानेस ग्रंथाच्या सौद्याशी तुलना केली तर दोन्ही बाजूंनी दाखवलेला हा समजूतदारपणा उठून दिसतो.

सूचीकाराचे काम मात्र पत्र गेल्यावरही उरते. परत गेलेल्या कागदाची नोंद खोडायची नसते आणि त्याचा क्रमांक दुसऱ्या कागदाला द्यायचा नसतो. नोंद तशीच ठेवून तिच्याखाली कोणत्या दिवशी, कोणाकडे आणि कोणत्या कारणाने पत्र गेले हे लिहायचे, आणि संग्रहाच्या पाकिटात पत्राच्या जागी त्याच आकाराचा एक कागद ठेवून त्यावरही तेवढेच लिहायचे.